कल चाचणी, व्यक्तिमत्त्व चाचणी आणि तंत्रज्ञानाचे क्षेत्र : काही विचार

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी आपल्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात पालकांची वर्दळ सुरू होते. कोणी लालबाग-परळहून, कोणी नायगावच्या बी.डी.डी. चाळीतून, तर कोणी कोकणातून रात्रीच्या एस.टी.ने आलेले असते. प्रश्न मात्र सर्वांचा एकच असतो : "सर, आता पुढे काय?" शिक्षकाच्या आयुष्यात याहून जबाबदारीचा प्रश्न दुसरा नाही. इतिहासाच्या तासाला एखादे सन चुकले तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर ते दुरुस्त करता येते. येथे दिलेला सल्ला चुकला तर एखाद्या मुलाच्या उमेदीची वर्षे वाया जातात.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी, परळ येथे शिवणकाम करून संसार चालविणाऱ्या एक माता आपल्या मुलीसह मला भेटावयास आल्या. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या वेष्टनात जपून ठेवलेला एक रंगीत अहवाल काढला. एका खासगी केंद्रात पैसे भरून मुलीची व्यक्तिमत्त्व व कल चाचणी करून घेतली होती. मुलीला संगणक अभियांत्रिकीच्या पदविकेला जावयाचे होते. अहवालाचा निष्कर्ष मात्र असा होता : मुलगी बहिर्मुख आहे, माणसांत रमणारी आहे, यंत्रांविषयी तिला विशेष ओढ नाही; सबब तंत्रज्ञानाच्या क्षेत्राची शिफारस करता येत नाही. त्या माऊलीने विचारले, "सर, हिला गणितात एवढे गुण आहेत. पण या कागदात लिहिलंय की हिचा स्वभावच तसा नाही. मग फी भरू की नको?"

मी तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही. त्याचे कारण प्रांजळपणे सांगणे आवश्यक आहे. त्याच्या कितीतरी वर्षे आधी अशाच एका अहवालावर विसंबून मी एका विद्यार्थ्याला विज्ञान शाखेचा नाद सोडावयास सांगितले होते. "तुझा कल तिकडे नाही," हे माझे शब्द होते. त्याने माझे ऐकले. पुढे तो मला लालबागच्या एका गल्लीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात भेटला. भिंगाखाली तांदळाच्या दाण्याहून लहान सुटे भाग तो डाक देऊन बसवीत होता, आणि हे सर्व तो कोणत्याही संस्थेत न जाता शिकला होता. तो हसून म्हणाला, "सर, तुमचा कागद अजून घरी आहे." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते. त्या दिवसापासून या चाचण्यांविषयी वाचण्याचा व विचार करण्याचा मी प्रयत्न करीत आलो आहे. प्रस्तुत लेख हे त्या प्रयत्नाचेच फलित होय.

चाचण्यांचे प्रकार व पूर्वेतिहास

पालक ज्याला सरसकट 'कल चाचणी' म्हणतात त्यात वस्तुतः तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. पहिली अभिक्षमता चाचणी. विद्यार्थी एखादे काम किती चांगले करू शकेल याचा अंदाज ती घेते. आकृत्या, संख्यामालिका, भाषा यांवरील प्रश्न तिच्यात असतात आणि त्यांची उत्तरे बरोबर किंवा चूक ठरतात. दुसरी अभिरुची चाचणी. ती आवडनिवड विचारते. तिसरी व्यक्तिमत्त्व चाचणी. ती स्वभाव विचारते. शेवटच्या दोहोंत उत्तर चूक वा बरोबर नसते. विद्यार्थी स्वतःविषयी जे सांगतो तेच मोजले जाते. हा भेद ध्यानी ठेवला तर निम्मा गोंधळ दूर होतो.

मोजमापाच्या या परंपरेचा आरंभ १९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांच्या चाचणीने झाला. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना कोणती विशेष मदत द्यावी, हे कळावे एवढाच बिने यांचा हेतू होता. मुलाची बुद्धी जन्मतः ठरलेली असते व ती वाढूच शकत नाही, या मताचा त्यांनी स्वतः निषेध केला होता. १९३० च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी भाषिक मुलांसाठी बिने चाचणीची सुधारित आवृत्ती सिद्ध केली. अध्यापक महाविद्यालयात शिकलेल्या प्रत्येकाला हे नाव परिचित आहे. व्यवसाय मार्गदर्शनाच्या कार्यातही मुंबई अग्रेसर राहिली. १९४७ मध्ये पारशी पंचायतीने व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढले आणि १९५० मध्ये मुंबई सरकारने आपले केंद्र सुरू केले. अलीकडे, २०१६ पासून काही वर्षे, महाराष्ट्र शासनाने राज्य मंडळाच्या दहावीच्या विद्यार्थ्यांची ऑनलाइन कल चाचणी घेतली. कृषी, कला, वाणिज्य, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी विद्यार्थ्याचा ओढा कोठे आहे हे ती सांगत असे. जे मार्गदर्शन पूर्वी शहरातील मोजक्या मुलांना मिळे ते खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत पोहोचले, हा तिचा गुण मान्य केलाच पाहिजे.

व्यक्तिमत्त्व चाचण्यांमध्ये सर्वांत प्रसिद्ध आहे ती मायर्स-ब्रिग्ज चाचणी. अमेरिकेतील कॅथरिन ब्रिग्ज व त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी ती रचली. कार्ल युंग यांनी १९२१ साली मांडलेल्या मनोप्रकारांच्या कल्पनेवर ती आधारलेली असून, माणसांची ती सोळा प्रकारांत विभागणी करते. जॉन हॉलंड यांनी १९५९ साली मांडलेल्या पद्धतीत सहा प्रकार आहेत : वास्तववादी, संशोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी आणि पारंपरिक. मानसशास्त्राच्या अभ्यासकांमध्ये अधिक मान्यता पावलेली पद्धत पाच घटकांची आहे. तिच्यात माणसाला कोणत्याही खान्यात टाकले जात नाही. प्रत्येक गुण कोणात किती, एवढेच पाहिले जाते. उंची मोजावी तसे हे आहे. उंच आणि ठेंगणे अशा दोनच जाती मानून मधल्या सर्वांना कोठेतरी ढकलण्यापेक्षा हे निश्चितच शास्त्रीय होय.

वर्गातील एक प्रयोग

अशा अहवालांवर आपला इतका विश्वास का बसतो? १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली व प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन दिले. हे वर्णन कितपत जुळते, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी गुण द्यावयाचे होते. सरासरी ४.२६ गुण पडले. त्यानंतर फोरर यांनी उघड केले की सर्वांना दिलेले वर्णन शब्दशः एकच होते.

हा प्रयोग मी आपल्या दहावीच्या वर्गात करून पाहिला. 'तुला इतरांनी मान द्यावा असे वाटते. तू बाहेरून धीट दिसतोस, पण आतून कधी कधी साशंक असतोस. तुझ्यातील बरीच शक्ती अजून वापरली गेलेली नाही' अशा धर्तीची दहा वाक्ये मी रचली व प्रत्येकाचे नाव घालून बंद पाकिटांतून वाटली. बहुतेकांनी "सर, हे अगदी माझेच आहे" असे सांगितले. मग मी पाकिटे शेजारच्याशी बदलावयास लावली. वर्गात आधी शांतता आणि मग जो हशा उसळला तो मी विसरणार नाही. हात पाहून भविष्य सांगणाऱ्याच्या धंद्याचे रहस्य त्या तासाला मुलांना कोणत्याही व्याख्यानाशिवाय समजले.

अर्थात, सर्वच चाचण्या अशा पोकळ असतात असे नव्हे. परंतु अहवाल आपल्याला पटला म्हणून तो खरा, हे अनुमान चुकीचे आहे एवढे यातून सिद्ध होते. मायर्स-ब्रिग्ज चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिल्यास पुष्कळांचा 'प्रकार' बदलतो, असे अभ्यासकांना वेळोवेळी आढळले आहे. नोकरीसाठी उमेदवार निवडताना ती वापरू नये, असे तिचे प्रकाशकच सांगतात. जी चाचणी नोकरी देणाऱ्याने वापरू नये, तिच्या आधारे पंधरा वर्षांच्या मुलीने आपली वाट का सोडावी?

साचेखात्याचा धडा

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या प्रश्नाचे मूळ मला आपल्या गिरणगावातच सापडते. शंभर वर्षांपूर्वी मुंबईतील सर्वांत मोठे यंत्रतंत्र म्हणजे कापडगिरणी. परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत लाखाहून अधिक कामगार यंत्रावर काम करीत. त्यात अस्पृश्य मानलेले कामगारही हजारोंनी होते. मात्र ते प्रामुख्याने रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत असत. अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात, ज्याला कामगार साचेखाते म्हणत, त्यांना प्रवेश नव्हता. कारण सर्वश्रुत आहे. धोट्यातील कांडी संपली की विणकर नवी कांडी भरी आणि सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेई. एका धोट्याला अनेकांचे ओठ लागत. अस्पृश्याने ओठ लावलेला धोटा स्पृश्य कामगाराला चालत नव्हता.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने प्रचंड संप चालला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांकडे आग्रह धरला की, विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना खुले व्हावे ही मागणीही तुमच्या मागण्यांत असली पाहिजे. पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच स्वीकारली.

माझे आजोबा त्या काळी लालबागच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. ते म्हणत, "साचा आम्हाला येत नव्हता असं नाही. साच्यापाशी आम्हाला उभंच केलं नाही."

आता कल्पना करावी की, त्या वर्षी एखाद्या मानसशास्त्रज्ञाने 'उत्तम विणकराचे व्यक्तिमत्त्व' शोधावयाचे ठरविले असते. तो साचेखात्यात गेला असता, तेथील विणकरांच्या आवडी-निवडी, सवयी, घरचे वळण यांची नोंद केली असती आणि त्या नोंदींवरून एक प्रश्नावली रचली असती. ती माझ्या आजोबांना दिली असती तर काय झाले असते? साचा त्यांनी जवळून पाहिलेला नव्हता. साच्याविषयीच्या प्रश्नांना त्यांनी 'आवड नाही' किंवा 'ठाऊक नाही' असेच उत्तर दिले असते. अहवाल आला असता : 'विणकामाकडे कल नाही.' चाचणीतील गणित अचूक असते, परीक्षकाच्या मनात भेदभाव नसता, आणि तरीही निष्कर्ष अन्यायाचा ठरला असता. कारण त्या चाचणीने कोण विणू शकतो हे मोजलेच नसते. कोणाला आत घेतले होते, तेवढेच मोजले असते.

संगणकाच्या क्षेत्रातील साचेखाते

ही केवळ कल्पना नाही. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात हे प्रत्यक्ष घडले आहे. १९४६ साली अमेरिकेत एनिअॅक हा संगणक जगापुढे आला तेव्हा त्यासाठी आज्ञावली रचण्याचे काम सहा स्त्रियांनी केले होते. पुढे संगणक वाढले, आज्ञावलीकारांची टंचाई भासू लागली आणि ते निवडावे कसे, हा प्रश्न कंपन्यांपुढे आला. आय.बी.एम.ने १९५५ साली अभिक्षमता चाचणी तयार केली. १९६६ साली विल्यम कॅनन व डॅलिस पेरी या मानसशास्त्रज्ञांनी त्या वेळी नोकरीत असलेल्या १,३७८ आज्ञावलीकारांचा अभ्यास केला. त्यांत स्त्रिया केवळ १८६ होत्या. या लोकांना कोडी सोडविणे आवडते, हा त्यांचा एक निष्कर्ष. दुसरा निष्कर्ष असा की, या लोकांना माणसे आवडत नाहीत. माणसांशी निकटचा संबंध येईल अशी कामे ते टाळतात.

येथे पद्धतीतील दोष पाहण्यासारखा आहे. ज्यांना आधीच आत घेतले गेले होते त्यांचा स्वभाव हाच त्या कामाला आवश्यक असलेला स्वभाव, असे मानले गेले. मग त्या स्वभावाची माणसे निवडली गेली. तशीच माणसे निवडली गेल्याने पुढील पाहणीतही तोच स्वभाव दिसणार हे उघड होते. संगणकापुढे एकटा बसलेला, अबोल, माणूसघाणा पुरुष हे आज्ञावलीकाराचे जे चित्र लोकांच्या मनात ठसले, त्याला या मोजमापाने शास्त्राची मोहोर मिळाली.

आता त्या मुलीच्या अहवालाकडे पुन्हा पाहावे. 'माणसांत रमते, सबब तंत्रज्ञान नको.' साठ वर्षांपूर्वी दुसऱ्या देशात, दुसऱ्या माणसांवरून बांधलेली समजूत परळच्या एका खोलीत येऊन मुलीच्या वाटेत उभी राहिली होती.

मी तिला प्रश्नावलीतील प्रश्न आठवावयास सांगितले. एक प्रश्न होता : 'घरातील यंत्रे उघडून पाहावयास तुम्हाला आवडते का?' तिने 'नाही' लिहिले होते. मी विचारले, "का गं?" ती म्हणाली, "सर, आमच्या घरात एकच मशीन आहे, आईचं शिलाई मशीन. ते बिघडलं तर त्या दिवशीचं काम बुडतं. त्याला हात लावायचा नाही, असं आईने लहानपणीच बजावलंय." दुसरा प्रश्न होता : 'एकट्याने शांतपणे काम करावयास आवडते का?' दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे. वसतिगृहात येईपर्यंत ती मुलगी कधी एकटी अशी बसलीच नव्हती. तिने 'सर्वांसोबत आवडते' असे लिहिले. त्या उत्तरांतून तिची परिस्थिती बोलत होती. अहवालाने तिला स्वभाव असे नाव दिले.

बाबासाहेबांची दृष्टी

माणसांचे गुणांवरून प्रकार पाडावे आणि प्रकारावरून काम ठरवावे ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. चातुर्वर्ण्य जन्मावर नसून गुणकर्मावर आहे, असा युक्तिवाद करणारे सुधारक बाबासाहेबांच्या काळीही होते. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी लिहिलेल्या व तेथे न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी या युक्तिवादाचा समाचार घेतला आहे. त्यासाठी त्यांनी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचे उदाहरण घेतले. प्लेटोने माणसांचे तीन वर्ग कल्पिले होते. बाबासाहेबांचा मुख्य आक्षेप असा की, माणसांना मोजक्या ठळक वर्गांत कोंबणे ही माणसाकडे व त्याच्या शक्तींकडे पाहण्याची अत्यंत वरवरची दृष्टी आहे. प्रत्येक व्यक्ती ही स्वतःचाच एक वर्ग असते; तिच्यात परस्परभिन्न प्रवृत्तींचे असंख्य मिश्रण असते. तीन वर्ग असोत, चार असोत वा सोळा, हा आक्षेप तसाच लागू पडतो.

त्याच भाषणात त्यांनी आणखी एक मर्माची गोष्ट सांगितली आहे. माणसाची कार्यक्षमता वाढावयाची तर त्याच्या ठायी असलेल्या शक्तीचा विकास अशा मर्यादेपर्यंत व्हावा लागतो की, आपला व्यवसाय आपण निवडण्यास व घडविण्यास तो समर्थ व्हावा. येथील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी विकास, मग निवड. आपण मात्र बहुधा उलटे करतो. आधी निवडतो, आणि मग ज्यांना निवडले त्यांचाच विकास करतो.

हा विचार त्यांनी कृतीतही आणला. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन त्यांनी सादर केले, त्यात केवळ कला व कायद्याचे शिक्षण पुरेसे नाही असे सांगून विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी होती. सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कार्यशाळांत आमच्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्यावे, अशीही मागणी होती. परळ व माटुंग्याच्या रेल्वे कार्यशाळांच्या भोंग्यावर ज्यांची घड्याळे चालत त्या वस्त्यांना या मागणीचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. या मुलांचा कल यंत्राकडे आहे का, हे बाबासाहेबांनी आधी विचारले नाही. यंत्रापाशी उभे राहण्याची संधी आधी द्या, असे त्यांनी म्हटले.

आज गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत. कमला मिल व फिनिक्स मिलच्या आवारांत काचेच्या इमारती आहेत आणि त्यांत संगणकांवर काम चालते. त्या इमारतींत आपल्या वस्त्यांतील मुलेही जातात. परंतु पुष्कळदा सुरक्षारक्षकाच्या गणवेशात किंवा जेवणाचे डबे पोहोचविण्यासाठी. म्हणून तंत्रज्ञानाची वाट कोणाला दाखवावी व कोणाला नाकारावी, हा प्रश्न आपल्यासाठी केवळ मानसशास्त्राचा राहत नाही.

मग चाचण्या निरुपयोगी आहेत काय?

असे मी म्हणणार नाही. सत्य शोधावयाचे तर नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

पाच घटकांच्या पद्धतीतील एक गुण, ज्याला कर्तव्यदक्षता म्हणता येईल, तो बहुतेक सर्व व्यवसायांतील कामगिरीशी काही प्रमाणात निगडित असल्याचे १९९१ सालच्या बॅरिक व माउंट यांच्या प्रसिद्ध पाहणीत दिसून आले. परंतु हा संबंध माफक आहे आणि तो तंत्रज्ञानापुरता मर्यादित नाही. वेळेवर येणारा, हाती घेतलेले काम तडीस नेणारा मनुष्य सर्वत्रच उपयोगी पडतो. तो ओळखण्यासाठी शिक्षकाला रंगीत अहवालाची आवश्यकता नाही. हजेरीपट व गृहपाठाच्या वह्या पुरेशा आहेत. शिवाय हा गुण शिस्तीने वाढविता येतो, ही वसतिगृहाच्या प्रत्येक अधीक्षकाच्या अनुभवातील गोष्ट आहे.

हॉलंड यांच्या पद्धतीचाही एक उपयोग आहे. ज्या मुलाला डॉक्टर, वकील, पोलीस व शिक्षक या पलीकडे व्यवसायच ठाऊक नाहीत, त्याच्यापुढे ती व्यवसायांची मोठी यादी ठेवते. घरात कोणी विचारले नव्हते असे प्रश्न तिच्या निमित्ताने विचारले जातात. अबोल मुलाला स्वतःविषयी बोलण्यास शब्द मिळतात. म्हणजे चाचणी ही संभाषणाची सुरुवात म्हणून चांगली आहे. निकालपत्र म्हणून नाही.

तंत्रज्ञान हा एकच व्यवसाय आहे, ही समजूतही सोडली पाहिजे. कोणी आज्ञावली लिहितो, कोणी तिच्यातील चुका शोधतो, कोणी रुग्णालयात जाऊन परिचारिकांना नवी प्रणाली शिकवितो, कोणी रात्री जागून यंत्रणा चालू ठेवतो, कोणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटर किंवा टर्नर होऊन संगणकाने चालणारे लेथ हाताळतो. यातील काही कामांना एकांत लागतो, तर काहींचा जीवच माणसांशी बोलण्यात आहे. ग्राहकाची अडचण नीट ऐकून घेणे हे आज्ञावली लिहिण्याइतकेच महत्त्वाचे काम होय. मग 'तंत्रज्ञानाला योग्य असा स्वभाव' एकच कसा असेल?

आपण काय करावे?

माझ्या अल्प अनुभवावरून काही सूचना मी पालक व सहकारी शिक्षकांपुढे नम्रपणे ठेवतो.

एक, अहवालातील निष्कर्ष वाचण्यापूर्वी प्रश्न व उत्तरे वाचावीत आणि प्रत्येक 'नाही' च्या पुढे 'का?' असे विचारावे. ते 'नाही' नावडीचे आहे की अपरिचयाचे, हे त्यावाचून कळत नाही.

दोन, चाचणी कोणत्या मुलांवर तपासून प्रमाणित केली आहे, हे केंद्राला विचारावे. आपल्या मुलांसारखी मुले त्यांत नसतील तर निष्कर्ष जपून घ्यावा.

तीन, शक्य असल्यास काही महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा घ्यावी. दोन अहवाल जुळले नाहीत तर त्यावरून वाट ठरवू नये.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे : काम करून पाहू द्यावे. एखादा मनुष्य एखादे काम करू शकेल का, हे जाणण्याचा अधिक भरवशाचा मार्ग म्हणजे त्या कामाचा नमुना त्याच्या हातून करवून घेणे. स्वभावाच्या प्रश्नावलीपेक्षा हा मार्ग अधिक खरा ठरतो, असे नोकरभरतीच्या अभ्यासकांचेही मत आहे.

पाच, 'आवड' ही प्रवेशाची अट मानू नये. आवड पुष्कळदा सरावातून जन्मते. पोहावयास आवडते का, हे पाण्यात उतरल्याखेरीज कोणाला सांगता येईल?

त्या मुलीच्या बाबतीत आम्ही एवढेच केले. शाळेच्या अडगळीत पडलेला एक बंद संगणक तिच्यापुढे ठेवला आणि सांगितले, "हा उघड. बिघडला तरी कोणाचे काम बुडणार नाही." सुटीतील सहा आठवडे ती दररोज दोन तास त्यापाशी बसली. प्रथम ती स्क्रू पिळावयासही घाबरत होती. तिसऱ्या आठवड्यात तिने आणखी दोघींना मदतीस बोलाविले. माणसांत रमणारी ना ती! पाचव्या आठवड्यात संगणक सुरू झाला. मग तिच्या आईला मी म्हटले, "ताई, कागद बाजूला ठेवा. ही काय करते ते तुम्हीच पाहा." त्या आल्या, पडद्यावर काय लिहिले आहे ते त्यांना कळले नाही, पण मुलीचा चेहरा त्यांनी बराच वेळ पाहिला. फी भरली गेली.

आज ती पदविकेच्या अखेरच्या वर्षात आहे. एका विषयात ती एकदा अनुत्तीर्ण झाली होती, पुन्हा बसून उत्तीर्ण झाली. एका उदाहरणाने सिद्धान्त सिद्ध होत नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. अहवालाने सुचविलेली वाट धरून सुखी झालेली मुलेही मी पाहिली आहेत. तिने पुढे हे क्षेत्र सोडले तरी त्यात पराभव नाही. कारण तो निर्णय तिचा असेल, आणि तो तिने करून पाहून घेतलेला असेल.

तथागतांच्या भिक्खू संघात चुल्लपंथक नावाचा भिक्खू होता. चार महिन्यांत त्याला एक गाथाही पाठ झाली नाही. त्याचा ज्येष्ठ बंधू महापंथक स्वतः विद्वान. त्याने पाठांतराच्या कसोटीवर धाकट्याला अपात्र ठरवून विहारातून घरी जावयास सांगितले. तथागतांनी त्याला परत बोलाविले, हातात एक स्वच्छ पांढरे वस्त्र दिले आणि ते चोळीत राहावयास सांगितले. वस्त्र हळूहळू मळत गेले. ते पाहता पाहता अनित्यतेचा जो अर्थ त्याला गाथेतून कळला नव्हता तो हातातून कळला, आणि तो अर्हत झाला. महापंथकाने घेतलेली परीक्षा खोटी नव्हती. चुल्लपंथकाला पाठांतर येतच नव्हते. चूक एवढीच होती की, एका परीक्षेला त्याने संपूर्ण माणूस समजले.

मीही एकदा महापंथक झालो होतो. लालबागच्या त्या दुकानातील माझ्या विद्यार्थ्याच्या घरी तो कागद अजून आहे. आपल्या शाळेतून यापुढे असा कागद घेऊन कोणाही मुलाला परत जावे लागू नये, यासाठी आपण शिक्षकांनी व पालकांनी जागरूक राहिले पाहिजे.